संघाला गांव द्यावें तें कोणतें?

सातवीच्या वर्गाला भूगोल शिकवीत असतांना मी मुलांना दरवर्षीं एक प्रश्न घालीत असें. भिंतीवरच्या नकाशांतील एखाद्या शहरावर छडी टेकवावयाची आणि विचारावयाचें, 'हें शहर नेमकें येथेंच कां वसलें?' मग कोणी नदी सांगे, कोणी घाट सांगे, कोणी बंदर; आणि ज्याला कांहींच येत नसे तो 'तेथली हवा चांगली आहे म्हणून' असें सांगून मोकळा होई. तीस वर्षें हा प्रश्न मीं विचारला. सेवानिवृत्त झाल्यावर, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, तो उलटा होऊन माझ्याच पुढें उभा राहिला. शहर आधींच वसलेलें आहे. त्यांत खेळाडूंचा एक संघ नव्यानें वसवावयाचा आहे. तर शहर कोणतें निवडावें? मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक खेडवळ मास्तर. खेळांतला जाणकार नव्हे. परंतु नकाशा मात्र मला वाचतां येतो, आणि या प्रश्नाचें अर्धें उत्तर नकाशांतच आहे. उरलेलें अर्धें कोठें सांपडलें तें ओघानें पुढें येईल.

माझी मुलगी आणि जांवई अमेरिकेंत मिसिसिपी नदीच्या कांठीं, सेंट लुईस शहरीं राहतात. २०२३ च्या मार्च महिन्यांत मी त्यांच्याकडे होतों. एका रविवारीं जांवईबापू म्हणाले, 'बाबा, आज फुटबॉलचा सामना पाहावयास चला.' त्या देशांत ज्याला फुटबॉल म्हणतात त्याचा पायाशीं संबंध बेताचाच. लांबट, अंडाकृति चेंडू काखेंत मारून धांवावयाचें आणि समोरच्यांनीं अंगावर झेप घेऊन त्याला लोळवावयाचें. आपल्या हुतुतूंतली झोंबाझोंबी आणि लष्करांतली व्यूहरचना यांचें तें एक मिश्रण आहे. खेळ मला निम्माच समजला. परंतु घुमटाखालच्या त्या प्रचंड क्रीडागारांत ३८,००० हून अधिक माणसें बसलीं होतीं, आणि आपल्या संघाच्या नांवांत ससाणा आहे म्हणून तीं सर्व, अगदीं पिकल्या केंसांचीं देखील, एका सुरांत 'का-कॉ, का-कॉ' असें ओरडत होतीं. आपल्याकडे या आवाजाला मान फक्त पितृपक्षांत! मीं जांवयांना विचारलें, 'एवढी गर्दी आहे, तेव्हां हा मोठा नामांकित संघ असेल?' ते म्हणाले, 'छे! हा नव्या, दुय्यम लीगचा संघ. नामांकित होता तो आम्हांला सोडून गेला.'

तेव्हांपासून मी या गोष्टीच्या मागें लागलों.

त्या देशांत या खेळाची थोरली संस्था म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग. ती १९२० सालीं स्थापन झाली आणि आज तिच्यांत ३२ संघ आहेत. हे संघ गांवाचें नांव लावतात, पण गांवाचे नसतात, मालकाचे असतात. मालकाच्या मनांत आलें आणि इतर मालकांनीं संमति दिली कीं संघ बिऱ्हाड हालवून दुसऱ्या शहरीं जातो. सुमारें लाखभर वस्तीच्या ग्रीन बे गांवाचा संघ तेवढा याला अपवाद. त्याचे भाग १९२३ पासून सामान्य लोकांनींच घेतलेले असल्यामुळें त्याला उचलून नेणें कोणाच्या हातीं नाहीं. आतां या थोरल्या लीगमध्यें ज्यांना शिरकाव मिळत नाहीं असे धनिक मधूनमधून एकत्र येतात आणि दुसरी, पर्यायी लीग काढतात. त्यांच्यापुढें मोठा प्रश्न खेळाडूंचा नसतो. पैसा टाकला कीं खेळाडू मिळतात. आठ-दहा संघ कोणत्या आठ-दहा शहरांत ठेवावयाचे, हा खरा पेंच असतो.

सेंट लुईस सोडून गेलेल्या त्या संघाचें नांव रॅम्स, म्हणजे एडके. त्याची कुंडली पाहिली तर निम्मा विषय तिच्यांतच सांपडतो. हा संघ मूळचा क्लीव्हलँडचा. १९४५ च्या डिसेंबरांत त्यानें अजिंक्यपद मिळविलें, आणि महिना उलटतो न उलटतो तोंच मालकानें तो लॉस एंजल्सला नेला. १९९५ सालीं लॉस एंजल्सहून तो सेंट लुईसला आला, आणि २०१६ सालीं पुन्हां लॉस एंजल्सला परतला. एडके जेथून जेथून निघाले तेथें तेथें एक रिकामा गोठा राहिला. आणि पर्यायी लीगचे चतुर चालक नकाशावर असे रिकामे गोठेच शोधीत असतात.

याचा पहिला दाखला १९४६ चा. शिकागोच्या एका वृत्तपत्राचे क्रीडासंपादक आर्च वॉर्ड यांच्या पुढाकारानें ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स नांवाची लीग त्या वर्षीं मैदानांत उतरली. तिच्यांत आठ संघ होते. न्यूयॉर्क, ब्रुकलिन, शिकागो, लॉस एंजल्स हीं मोठीं शहरें तिनें घेतलींच; पण तिचें नशीब उघडलें तें क्लीव्हलँडमध्यें. नुकताच संघ गमावून बसलेल्या त्या शहरीं ब्राउन्स या नव्या संघाचा पहिला सामना ६ सप्टेंबर १९४६ रोजीं झाला आणि त्याला ६०,१३५ प्रेक्षक आले. आदल्या डिसेंबरांत, त्याच शहरीं, अजिंक्यपदाच्या सामन्याला याच्या जवळजवळ निम्मेच लोक होते! पुढें चार वर्षें लीग चालली आणि चारहि वर्षें ब्राउन्सच अजिंक्य ठरले.

त्या पहिल्या दिवशीं ब्राउन्ससमोर जो संघ होता तो मायामीचा. त्याची गोष्ट अगदीं उलट. मायामी म्हणजे समुद्रकांठची, हौशी प्रवाशांची नगरी. उबदार हवा, श्रीमंत पाहुणे. कागदावर याहून उत्तम स्थळ कोणतें? परंतु पाहुणे हिंवाळ्यांत यावयाचे आणि खेळ सुरू व्हावयाचा सप्टेंबरांत, म्हणजे उकाड्याच्या आणि तुफानांच्या दिवसांत. शिवाय वर्णभेदाचा अंमल असा कीं, ब्राउन्सचे मॅरियन मॉट्ली आणि बिल विलिस हे दोन काळे खेळाडू मायामीच्या सामन्याला घरींच ठेवावे लागले. एका हंगामांत तो संघ बुडाला आणि त्याची जागा बाल्टिमोरला दिली गेली. 'हवा चांगली आहे म्हणून' हें माझ्या वर्गांतलें उत्तर मला त्या ठिकाणीं आठवलें.

मायामीच्या या बुडण्याचा परिणाम तेरा वर्षांनीं भलत्याच शहरावर झाला. १९५९ सालीं डॅलसच्या एका तेलसम्राटाचा मुलगा लामार हंट हा शिकागो कार्डिनल्स हा संघ विकत घेण्यास गेला असतां त्याला नकार मिळाला. परततांना विमानांत त्याच्या मनांत आलें कीं, हा संघ मागून विन्मुख गेलेले आणखीहि लोक आहेत. त्या सर्वांनाच एकत्र कां करूं नये? यांतून १९६० सालीं अमेरिकन फुटबॉल लीग जन्मली. हिचे मालक स्वतःला थट्टेनें 'मूर्ख मंडळ' म्हणवीत. त्यांत डेट्रॉइटचे राल्फ विल्सन नांवाचे गृहस्थ होते. त्यांना संघ ठेवावयाचा होता मायामींत. परंतु तेथल्या अधिकाऱ्यांना १९४६ चें स्मरण ताजें होतें. त्यांनीं मैदान देण्याचें नाकारलें. मग विल्सन यांनीं बफेलो पत्करलें. बफेलो हें ईरी सरोवराच्या टोंकावरचें, पोलाद गाळणारें, बर्फानें गाडलें जाणारें कामकरी शहर. तेथें वॉर्डसाहेबांच्या जुन्या लीगचा एक संघ होता, त्याला प्रेक्षकहि होते. पण १९४९ च्या अखेरीस दोन लीगांचा समझोता झाला तेव्हां क्लीव्हलँड, सान फ्रान्सिस्को आणि बाल्टिमोर हे तीन संघ थोरल्या लीगनें पोटांत घेतले आणि बफेलोला दाराबाहेर ठेवलें. दहा वर्षें त्या गांवानें तो अपमान गिळला होता. विल्सन यांचा संघ जुन्यापुराण्या मैदानावर खेळूं लागला. १९६४ आणि १९६५ अशीं लागोपाठ दोन वर्षें तो अजिंक्य झाला. २०१४ सालीं विल्सन वारले तोंवर त्यांनीं तो तेथून हालविला नाहीं, आणि आजहि तो तेथेंच आहे. श्रोतेहो, समुद्रकांठानें झिडकारलें म्हणून बर्फांत जाऊन बसलेला संघ इतकीं वर्षें टिकला, हें मला तरी मोठें नवल वाटतें.

पण एवढ्यावरून 'मोठीं शहरें टाळा आणि दुखावलेलीं शहरें धरा' असा नियम बांधूं म्हटलें तर तोहि टिकत नाहीं. याच लीगचा न्यूयॉर्कचा संघ पाहा. ओस पडलेल्या जुनाट पोलो ग्राउंड्सवर तो खेळे. प्रेक्षकांचे आंकडे मालक फुगवून सांगे आणि वार्ताहर त्याची टर उडवीत. १९६२ च्या हंगामांत त्या संघाचा खर्च अखेर लीगला आपल्या शिरावर घ्यावा लागला. मग न्यूयॉर्क सोडलें कां नाहीं? याचें उत्तर दूरचित्रवाणींत आहे. या लीगनें पहिल्या वर्षापासून प्रक्षेपणाचा करार सर्व संघांच्या वतीनें एकत्र केला आणि तो पैसा सारखा वांटून घेतला. जाहिरातदार विचारी, 'न्यूयॉर्क आहे कां?' नसेल तर बफेलो आणि डेन्व्हर यांच्या वांट्याचें शून्य. म्हणजे न्यूयॉर्कच्या रिकाम्या खुर्च्यांवर लहान गांवांचें पोट चालत होतें. पुढें नवे मालक आले, संघाचें नांव जेट्स झालें, १९६४ सालीं नवें मैदान मिळालें, आणि १९६९ च्या जानेवारींत याच जेट्सनीं थोरल्या लीगच्या बाल्टिमोरला १६-७ असें हरविलें. तोंवर दोन्ही लीगांच्या विलीनीकरणाचा करार होऊन गेला होता. दहा वर्षांत ही लीग थोरल्या लीगमध्यें सन्मानानें सामील झाली, तिचे सर्व संघ घेऊन. पर्यायी लीगांपैकीं एवढें यश दुसऱ्या कोणास लाभलेलें नाहीं.

हंटची स्वतःची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. त्यानें लीग काढली ती आपल्या डॅलसला संघ मिळावा म्हणून. तें पाहतांच थोरल्या लीगनें डॅलसला आपलाहि संघ दिला. दोघे एकाच मैदानावर खेळूं लागले. १९६२ सालीं हंटचा संघ अजिंक्य झाला, आणि तरीहि त्यालाच गांव सोडावें लागलें. कॅन्सस सिटीच्या महापौरांनीं हंगामी तिकिटांची विक्री तिप्पट करून देण्याचें वचन देऊन त्याला बोलावून नेलें. त्या महापौरांना लोक 'चीफ' म्हणत, त्यावरून संघाचें नांव चीफ्स पडलें. ज्यानें सगळ्यांना गांवें वांटलीं त्याच्या वांट्याला स्वतःचें गांव आलें नाहीं.

आणि ओकलंड? त्या गांवानें संघ मागितलासुद्धां नव्हता. त्याची जागा मिनियापोलिसची होती. पण थोरल्या लीगनें आमिष दाखवून मिनियापोलिसला फोडलें. तेव्हां लॉस एंजल्सचा मालक हटून बसला कीं, पश्चिम किनाऱ्यावर मी एकटा राहणार नाहीं. पाहुण्या संघाला अडीच-तीन हजार मैलांचा विमानप्रवास एका सामन्यासाठीं परवडत नाहीं. किनाऱ्यावर दोन यजमान असले म्हणजे एका खेपेंत दोन सामने उरकतात. म्हणून ओकलंड! तेथें साजेसें मैदानहि नव्हतें. पहिलीं दोन वर्षें संघ खाडीपलीकडे सान फ्रान्सिस्कोंत खेळला. नकाशावरील अंतरानें दिलेला हा संघ. गंमत अशी कीं, लॉस एंजल्सचा तो मालक स्वतः वर्षभरांतच दक्षिणेस सान डिएगोला निघून गेला.

आणखी एक प्रसंग सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १९६५ च्या जानेवारींत या लीगच्या निवडक खेळाडूंचा सामना न्यू ऑर्लीन्सला ठरला होता. त्या शहराला संघ हवा होता, आणि हा सामना म्हणजे त्याची परीक्षाच होती. काळे खेळाडू विमानतळावर उतरले तर टॅक्सीवाले त्यांना घेईनात; उपाहारगृहांतून त्यांना परत लावण्यांत आलें. वर्णभेदाविरुद्ध कायदा होऊन तेव्हां सहा महिने झाले होते. खेळाडूंनीं बैठक घेतली आणि येथें खेळणार नाहीं असें सांगितलें. गोरे सहकारीहि त्यांच्या बाजूस उभे राहिले. सामना ह्यूस्टनला हालविण्यांत आला. शहर कोण निवडतो, तर मालक, असें मी समजत होतों. येथें तें खेळाडूंनीं निवडलें, खरें म्हणजे नाकारलें.

१९७४ च्या वर्ल्ड फुटबॉल लीगबद्दल फार बोलत नाहीं. तिनें शहरें वांटलीं तीं भराभर आणि उधारीवर. टोरांटोसाठीं ठरलेला संघ कॅनडाच्या सरकारनें डोळे वटारल्यावर मेंफिसला गेला; न्यूयॉर्कचा संघ हंगाम चालू असतांनाच शार्लटला गेला. फिलाडेल्फियांत पहिल्या दोन सामन्यांना मिळून एक लाखाहून अधिक लोक आल्याचें जाहीर झालें. पुढें कळलें कीं, विकलेलीं तिकिटें सुमारें वीस हजार, बाकीचीं फुकट. वर्षाअखेर अजिंक्यपद बर्मिंगहॅमच्या संघानें मिळविलें आणि सामना संपतांच सावकाराच्या वतीनें सरकारी अंमलदारानें विजयी खेळाडूंचे गणवेश जप्त केले. १९७५ च्या ऑक्टोबरांत ती लीग बंद पडली.

१९८३ सालीं निघालेल्या युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीगची चूक मात्र शिकण्यासारखी आहे. न्यू ऑर्लीन्सच्या डेव्हिड डिक्सन यांची ही कल्पना. थोरली लीग खेळते शरद-हेमंतांत. आपण वसंतांत खेळूं, म्हणजे एकाच शहरांत दोघांनाहि नांदतां येईल. कल्पना शहाणपणाची होती. शिकागो, डेट्रॉइट, फिलाडेल्फिया हीं भरलेलीं घरेंहि त्यामुळें मोकळीं झालीं. कारण शहर मोकळें कीं भरलेलें हें नकाशावर नव्हे, पंचांगावर ठरतें. परंतु १९८४ सालीं मालकांना घाई सुटली. १९८६ पासून थोरल्या लीगच्याच हंगामांत खेळावयाचें, तिला धडक द्यावयाची, असें त्यांनीं ठरविलें. आणि त्याबरोबर निवडलेलीं सगळीं शहरें एका रात्रींत चुकीचीं झालीं. मिशिगनचा संघ ओकलंडच्या संघांत विलीन झाला. १९८४ चा अजिंक्य फिलाडेल्फिया संघ नांवानें बाल्टिमोरचा झाला आणि खेळला मात्र त्या शहराबाहेर कॉलेज पार्कला. तरी १९८५ चेंहि अजिंक्यपद त्यानेंच मिळविलें. बोस्टनचा एक संघ तर १९८३ त बोस्टन, १९८४ त न्यू ऑर्लीन्स आणि १९८५ त पोर्टलंड असा तीन वर्षांत तीन गांवचें पाणी प्याला. थोरल्या लीगवर मक्तेदारीचा दावा लावला होता. १९८६ च्या जुलैंत ज्यूरीनें दावा खरा ठरविला आणि नुकसानभरपाई दिली एक डॉलर! कायद्याप्रमाणें ती तिप्पट होऊन तीन डॉलर झाली. त्या हेमंतांत लीग खेळलीच नाहीं. एका गांवाचें तेवढें भलें झालें: फ्लॉरिडांतल्या जॅक्सनव्हिलनें या लीगच्या सामन्यांना जी गर्दी केली ती थोरल्या लीगच्या नजरेंत भरली असली पाहिजे, १९९३ सालीं तिनें त्याला संघ दिला.

आतां बर्मिंगहॅम. अलाबामा राज्यांतील हें लोखंड-पोलादाचें जुनें शहर. थोरल्या लीगनें त्याला कधींहि संघ दिलेला नाहीं. परंतु पर्यायी लीग निघाली कीं तिचे चालक हटकून बर्मिंगहॅमचें दार ठोठावतात आणि तें उघडतें. मीं मोजून पाहिलें: १९७४ सालीं एक, १९७५ सालीं दुसरा, १९८३ त तिसरा, १९९१ त चौथा, १९९५ त कॅनडाच्या लीगचा पांचवा, २००१ त सहावा, २०१९ त सातवा आणि २०२२ त आठवा. यांपैकीं पहिले सात संघ एक ते तीन वर्षांत नाहींसे झाले. २०२२ ची गोष्ट तर विलक्षण. त्या वर्षींच्या लीगनें खर्च वांचविण्यासाठीं आठहि संघ बर्मिंगहॅमलाच ठेवले. नांवें फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग, ह्यूस्टन, मिशिगन. साखळी सामने मात्र सगळे बर्मिंगहॅमांत. गांवच्या संघाला गांवचे लोक येत. इतर दोन संघांचा सामना असला कीं खुर्च्या रिकाम्या. दूरचित्रवाणीला तेवढें पुरे होतें. शहर निवडण्याचा प्रश्न अशा रीतीनें सोडविण्यांत आला कीं शहराची गरजच उरूं नये.

येथें मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. तालुक्याच्या शालेय खो-खो स्पर्धांची चिटणिसी कांहीं वर्षें माझ्याकडे होती. स्पर्धा नेहमीं तालुक्याच्या गांवीं होत. मैदान आंखलेलें, नळाला पाणी, एस्. टी. चा थांबा जवळ. पाहावयास मात्र खेळणाऱ्या मुलांच्या मास्तरांशिवाय कोणी नसे. एका वर्षीं तें मैदान मिळालें नाहीं म्हणून मीं स्पर्धा डोंगराकडच्या एका लहान गांवीं नेल्या. गांवानें शेत सारखें करून दिलें, घरटीं भाकऱ्या काढल्या, मुलांना ओसऱ्यांवर निजविलें. अंतिम सामन्याला माणसें कौलांवर चढलीं होतीं. पुढच्या वर्षीं तालुक्याचें मैदान पुन्हां मिळालें, आणि वरिष्ठांच्या जीपला तो घाट नको होता. मीं विरोध केला नाहीं. बाजारच्या दिवशीं त्या गांवचा एक मुलगा मला भेटला. त्यानें विचारलें, 'गुरुजी, आमचं काय चुकलं?' मीं त्याला पाण्याची अडचण सांगितली. पाण्याची अडचण नव्हती.

बर्मिंगहॅमची यादी करतांना तो मुलगा माझ्यापुढें उभा होता. पुण्याचेंहि आठवलें. २०१४ सालीं इंडियन सुपर लीग निघाली तेव्हां आठ शहरांत पुणें होतें. बालेवाडीला सामने होत, माझे कांहीं जुने विद्यार्थी नारिंगी पट्टे लावून जात. २०१९ सालीं तो संघ संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. शहर तेंच, मैदान तेंच. गेला तो फक्त संघ.

मुलगा वर्गांत नकाशा पाहतो तेव्हां त्याला शहर एक ठिपका दिसतें. लीगचे चालकहि तोच ठिपका पाहतात. त्याच्याशेजारीं वस्ती, मैदानाचें भाडें, विमानाचें अंतर, दूरचित्रवाणीचीं घरें लिहितात. तें त्यांनीं लिहिलेंच पाहिजे. न लिहिणाऱ्यांची १९७४ सालीं काय गत झाली तें आपण ऐकलें. परंतु ज्या दुखावलेपणामुळें क्लीव्हलँडला साठ हजार आणि सेंट लुईसला अडतीस हजार माणसें जमलीं, तें त्या कागदावर उत्पन्नाच्या बाजूला मांडलें जातें, आणि लीग बुडाली कीं तें पहिल्याहून मोठें होऊन त्याच शहराच्या पदरीं उरतें. त्याचा हिशेब कोणत्याच बाजूला लिहिलेला मला आढळला नाहीं. सेंट लुईसनें रॅम्सच्या जाण्याबद्दल थोरल्या लीगवर दावा केला आणि २०२१ सालीं ७९ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. एवढा पैसा मिळूनहि त्या रविवारीं लोक पैशाबद्दल बोलत नव्हते.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर साधारण माझ्याच वयाचे एक गृहस्थ आपल्या नातवाला घेऊन बसले होते. मध्यंतरांत जांवईबापूंच्या मध्यस्थीनें आमचें बोलणें झालें. त्यांनीं १९८८ सालीं कार्डिनल्सना अॅरिझोनाकडे जातांना पाहिलें होतें, २०१६ सालीं रॅम्सना. हा नवा संघ २०२० सालीं प्रथम आला तो पांच आठवड्यांत महामारीमुळें बंद पडला. आतां परत आला होता. आणि आला होता म्हणजे काय, तर या लीगचे सर्व खेळाडू टेक्ससमधल्या आर्लिंग्टन भागांत राहत, तेथेंच सराव करीत, आणि सामन्यापुरते विमानानें आपल्या 'घरीं' येत. हें सारें त्यांना ठाऊक होतें. मीं विचारलें, 'मग हाहि गेला तर?' ते कांहीं बोलले नाहींत. त्यांचा नातू मधून मधून त्यांच्या बाहीला ओढून सांगत होता कीं खेळाडू पुन्हां मैदानांत येत आहेत. त्यांनीं माझ्याकडे पाहून खांदे उडविले, आणि उभे राहून इतरांबरोबर ते ससाण्याचा आवाज काढूं लागले.

पुढें ती लीग दुसऱ्या एका लीगशीं एक झाली. सोळा संघांतून आठ ठेवावयाचे ठरले. आठ संघ गळले, सेंट लुईस राहिलें. २०२४ च्या वसंतांत त्या घुमटाखालीं एका सामन्याला ४०,००० हून अधिक लोक आल्याचें जांवयांनीं कळविलें. शेजारचे ते गृहस्थ होते कीं नाहीं तें विचारावयाचें राहूनच गेलें.